प्रकाशाला लेबल कसं लावायचं? जीएमपीएलएसची पार्श्वभूमी

टेलिफोनमध्ये ऑपरेटरशिवाय कॉल जोडणं १८९२ मध्येच सुरू झालं होतं, अमेरिकेत ला पोर्ट नावाच्या गावात स्ट्रॉजरचं ऑटोमॅटिक एक्स्चेंज लागलं तेव्हा. फायबरवाले मात्र त्यानंतर शंभर वर्षांनीही हातानेच जोडत बसलेले; हे काम आपोआप व्हावं म्हणून पुढे जीएमपीएलएस आलं. १९९० च्या दशकात दोन शहरांमध्ये नवीन सर्किट पाहिजे असेल तर प्लॅनिंगवाला आधी रूट काढणार, मग वाटेतल्या एकेका स्टेशनवरचा बॉक्स, म्हणजे तिथलं उपकरण, वेगळा कॉन्फिगर करायचा, कुठेतरी पॅचकॉर्ड (जोडायची छोटी केबल) बदलायला माणूस पाठवायचा, आणि एका कंपनीची मॅनेजमेंट सिस्टीम दुसऱ्या कंपनीच्या बॉक्सला ओळखच देत नाही. यात आठवडे जायचे, कधी महिने.

त्याच सुमारास इंटरनेटवाल्यांकडे एमपीएलएस (मल्टीप्रोटोकॉल लेबल स्विचिंग) तयार होत होतं. डेटाच्या पॅकेटला छोटं लेबल चिकटवायचं, राउटर ते लेबल बघून पुढे ढकलणार, आणि सगळी वाट सिग्नलिंगने, म्हणजे राउटरांनी एकमेकांना मेसेज पाठवून, आपोआप ठरणार. १९९९ च्या आसपास काही जणांच्या डोक्यात आलं की लेबल चिकटवायलाच कशाला पाहिजे, प्रकाशाची वेव्हलेंग्थ, म्हणजे त्याचा रंग, हेच लेबल धरू! मला तरी या सगळ्या भानगडीतली हीच खरी भारी आयडिया वाटते. पुढे टाइमस्लॉट (वेळेचा ठरलेला तुकडा), अख्खी फायबर, सगळ्यालाच लेबल म्हणायला लागले, म्हणून एमपीएलएसच्या नावात ‘जनरलाइज्ड’ आलं आणि त्याचं जीएमपीएलएस झालं.

पण ऑप्टिकल स्विच प्रकाश उघडून आत काय आहे ते वाचत नाही, त्यामुळे सिग्नलिंगचे मेसेज वेगळ्या चॅनलने न्यावे लागले. म्हणजे हा मेसेजचा कंट्रोल चॅनल पडला तरी डेटा चालूच राहू शकतो, हे पॅकेटवाल्यांना पचायला वेळ लागला. शिवाय मधे रंग बदलायची सोय नसेल तर एकच वेव्हलेंग्थ टोकापासून टोकापर्यंत मोकळी मिळायला हवी.

टेलिफोनवाल्यांच्या आयटीयू या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने २००१ मध्ये ऑप्टिकल नेटवर्क आपोआप जोडायचं स्वतःचं एसॉन आर्किटेक्चर आणलं, इंटरनेटची स्टँडर्ड ठरवणाऱ्या आयईटीएफचं जीएमपीएलएस आर्किटेक्चर २००४ मध्ये आरएफसी (त्यांचा नंबर दिलेला दस्तऐवज) ३९४५ म्हणून आलं. दोघांची भांडणं मुख्यतः यावरून की ग्राहकाच्या राउटरला आतलं नेटवर्क किती दिसू द्यायचं. मधल्या काळात टेलिकॉमचा फुगा फुटला, अमेरिकेतली टेलिकॉम कंपनी वर्ल्डकॉम २००२ मध्ये दिवाळखोरीत गेली, नवीन खरेदीला पैसे कोणाकडे होते?

२००६ मध्ये आरएफसी ४६५५ ने वाट शोधायचं काम स्विचपासून वेगळं काढून पीसीईकडे (पाथ कॉम्प्युटेशन एलिमेंट, वाट काढून देणारा वेगळा भाग) द्यायचा रस्ता दाखवला, आणि नंतरच्या एसडीएन (सॉफ्टवेअरने एका जागेवरून नेटवर्क चालवायची पद्धत) कंट्रोलरवाल्यांनी तोच रस्ता पुढे नेला.