प्रथिनांची मंद थरथर आणि भोवतीचं पाणी

केंब्रिजमध्ये जॉन केंड्र्यू यांनी १९५८मध्ये मायोग्लोबिन या प्रथिनाची पहिली त्रिमितीय रचना मांडली. १९६२चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना आणि मॅक्स पेरुट्झ यांना मिळालं. पण त्या रचनेतच एक कोडं होतं. मायोग्लोबिनचं काम ऑक्सिजन धरून ठेवायचं, आणि आतल्या लोहाच्या अणूपर्यंत ऑक्सिजन पोचेल अशी वाटच रचनेत दिसेना. प्रथिन हलत असेल, मधूनच फट पडत असेल, तरच हे शक्य होतं.

अणूंमधला एखादा बंध सेकंदाला सुमारे शंभर लाख कोटी वेळा कंप पावतो. प्रथिनाचे मोठे भाग मिळून जी थरथर करतात ती याच्या शंभरपट मंद, म्हणजे टेराहर्ट्झच्या आसपास असते. कायमोट्रिप्सिन या एन्झाइममध्ये अशी खूण १९७२मध्ये रामन वर्णपटात (रेणूंवरून विखुरलेल्या प्रकाशातून त्यांची कंपनं ओळखण्याच्या पद्धतीत) सापडली, आणि प्रथिनाची घडी मोडली की ती नाहीशी होते हेही दिसलं. १९७७मध्ये मार्टिन कारप्लस यांच्या गटाने एका छोट्या प्रथिनाची हालचाल पहिल्यांदा संगणकावर चालवली. कालावधी जेमतेम नऊ पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग), आणि भोवती पाण्याचा एकही स्वतंत्र रेणू नाही. त्या काळच्या संगणकांवर तेवढंच जमण्यासारखं होतं, पण पाणी पार्श्वभूमीलाच राहिलं.

ते पुढे आलं तापमानाच्या प्रयोगांतून. हान्स फ्राउएनफेल्डर आणि सहकाऱ्यांनी १९७५मध्ये मायोग्लोबिन ४० केल्विनपर्यंत, म्हणजे सुमारे उणे २३३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलं, प्रकाशाच्या झोताने त्याला चिकटलेला वायूचा रेणू सोडवला आणि तो परत जुळायला किती वेळ लागतो ते मोजलं. थंडीत एकच ठरावीक वेग मिळेना. याचा अर्थ त्यांनी लावला तो असा: एकाच प्रथिनाचे रेणू किंचित वेगवेगळ्या ठेवणींत गोठलेले असतात, आणि ऊब मिळाली की या ठेवणीतून त्या ठेवणीत जातात.

निर्णायक पुरावा न्यूट्रॉननी दिला. साधा हायड्रोजन न्यूट्रॉनना जितका विखुरतो, त्यापुढे ड्युटेरियमचं, म्हणजे हायड्रोजनच्या जड भावंडाचं विखुरणं फारच थोडं. त्यामुळे प्रथिनाला जड पाण्याने (ज्यात हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असतं) ओलं केलं की पाणी जवळजवळ अदृश्य होतं आणि दिसते ती प्रथिनाचीच हालचाल. वोल्फगांग डॉस्टर, स्टीफन क्यूसॅक आणि विनफ्रीड पेट्री यांनी १९८९मध्ये ओलसर मायोग्लोबिनवर हेच केलं. सुमारे २०० केल्विनपर्यंत अणूंची थरथर तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढते. त्यापुढे ती एकदम उसळते. कोरड्या प्रथिनात ही उसळी येत नाही.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत सुंदर वाटतो तो १९९२चा प्रयोग. रायबोन्युक्लिएज ए या एन्झाइमचा स्फटिक २१२ केल्विनला, म्हणजे उणे ६१ अंश सेल्सिअसला ठेवला, तर त्याला बाहेरून दिलेला रेणू चिकटतच नाही. २२८ केल्विनला तो झटकन चिकटतो. आणि उबेत चिकटवून मग स्फटिक गार केला, तर तो रेणू धुऊन काढता येत नाही. दार उघडायला लागणारी हालचालच थांबलेली असते.

यावरून २२० केल्विनच्या आसपास प्रथिन ‘जागं होतं’ असं सर्रास लिहिलं जाऊ लागलं. हे जरा जास्तच सोपं झालं. १९९८मध्ये एका एन्झाइमचं काम या तापमानाखालीही सुरू असल्याचं दिसलं. तिथे भोवतीचा द्रव गोठू नये म्हणून त्यात मिथेनॉल होतं. शिवाय उसळी नेमकी कुठे दिसेल, हे उपकरण किती वेगाच्या हालचाली टिपू शकतं यावरही अवलंबून असतं. अँड्रिया मार्केल्झ यांच्या गटाने २००८मध्ये टेराहर्ट्झ किरणांनी दाखवलं की घडी मोडलेल्या लायसोझाइम या एन्झाइममध्ये आणि आखूड पेप्टाइडमध्येही, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीतही, ही उसळी दिसते. म्हणजे त्यासाठी प्रथिनाची घडीच लागते असं नाही. या हालचालीची सूत्रं बऱ्याच अंशी भोवतीच्या पाण्याच्या हाती आहेत, या मताकडे मी झुकतो ते यामुळेच. ट्रेहॅलोज साखरेच्या काचेसारख्या घट्ट गोळ्यात अडकवलेलं मायोग्लोबिन खोलीच्या तापमानालाही जखडल्यासारखं वागतं, हेही त्याला धरूनच आहे.

याचे परिणाम रोजच्या संशोधनापर्यंत पोचतात. क्ष-किरणांनी स्फटिकाची हानी कमी व्हावी म्हणून प्रथिनांच्या बहुतेक रचना १०० केल्विनच्या आसपास, म्हणजे या सगळ्या हालचाली गोठलेल्या असताना घेतल्या जातात. २००९मध्ये सायक्लोफिलिन ए हे एन्झाइम खोलीच्या तापमानाला तपासलं, तेव्हा गोठवलेल्या स्फटिकात न दिसलेल्या पर्यायी ठेवणी समोर आल्या, आणि त्याच एन्झाइमच्या कामाला आवश्यक ठरल्या.