ऑपरेशनचे टाके आणि आमची हळद, मध, तेल : कुठे लावायचं, केव्हा लावायचं

नमस्कार.

आमचं सांगलीतलं छोटं घरगुती दुकान. हळद आम्ही स्वतः दळतो, खोबरेल लाकडी घाण्यावर काढतो, मध ओळखीच्या मधपाळांकडून आणतो. दर आठवड्याला एखादा तरी फोन येतोच. "सुनेचं सिझर झालंय, टाक्यांवर लावायला चांगली हळद पाठवा." "वडिलांची बायपास झाली, छातीवरचा वण जायला कुठलं तेल द्याल?" विश्वासाने विचारता, म्हणून उत्तरही सविस्तर द्यायला हवं. फोनवर ते घाईत राहून जातं, त्यामुळे आता प्रत्येक पार्सलमध्ये हे पत्रक घालतो आहोत.

थोडक्यात उत्तर असं: जखम पूर्ण मिटेपर्यंत आमच्या दुकानातली कुठलीही वस्तू टाक्यांवर लावू नका.

हे आम्ही घरात शिकलो. थोरल्या वहिनींचं सिझर झालं, टाके काढून त्या घरी आल्या. घरात हळदीची पोती आणि आजीचा जीव सुनेवर. तेलात कालवलेली हळद जखमेवर लागली. तिसऱ्या दिवशी ताप आला, एका कडेने पाणी यायला लागलं. तिथली जखम डॉक्टरांना उघडावी लागली आणि पुढे तीन आठवडे रोज ड्रेसिंग. हळदीमुळेच पिकली असं आम्ही म्हणणार नाही, सिझरची जखम एरवीही कधीकधी पिकते. पण त्या पिवळ्या लेपाखाली लाली वाढत होती आणि ती कुणालाच दिसली नाही, एवढं खरं. त्या तीन आठवड्यांत बाळाला नीट जवळ घेता आलं नाही, याचं वाईट वहिनींना अजून वाटतं.

हळदीबद्दल, कारण ती आमची आहे

हळदीचा जखमेशी संबंध जुना आहे, याचा पुरावा थेट अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात द्यावा लागला होता. १९९५ मध्ये जखमा भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट तिथल्या मिसिसिपी विद्यापीठाला मिळालं. त्या वेळी सीएसआयआरचे, म्हणजे भारत सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे, प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे. सीएसआयआरने जुन्या ग्रंथांचे आणि लेखांचे दाखले देऊन दावा लढवला आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. हळदीच्या गावात राहणाऱ्या आम्हाला त्याचा अभिमान आहे. मात्र पेटंट रद्द झालं ते "हा वापर नवा नाही" म्हणून. घरातली हळद टाक्यांवर सुरक्षित आहे, असा निकाल त्यात कुठेही नव्हता.

आमची हळद कशी तयार होते ते सांगतो, म्हणजे मुद्दा आपोआप कळेल. शेतातून कंद निघतो तो मातीसकट. मग तो उकडतात, उघड्यावर उन्हात पसरून वाळवतात, पॉलिशच्या ड्रममध्ये घासतात, पोत्यांत भरतात, बाजारात सौदे होतात आणि शेवटी आमच्या चक्कीवर दळण होतं. फोडणीत, दुधात, भाजीत ही हळद उत्तमच. पण ती निर्जंतुक नसते. मातीतल्या काही जंतूंची बीजं उकळूनही मरत नाहीत, धनुर्वाताची त्यातलीच. स्वयंपाकघरातली स्वच्छता आणि ऑपरेशन थिएटरमधली स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारातल्या सुट्या, भडक पिवळ्या हळदीत तर कधीकधी लेड क्रोमेट म्हणजे शिशाचा रंग मिसळलेला असतो. तो पोटातही नको आणि जखमेतही नको.

शेतात खुरपं लागलं की दगडीपाला चुरगळून जखमेवर दाबायची आपल्याकडची पद्धतही हीच भीती ठेवून बघा. रक्त थांबत असेल, पण पाल्याबरोबर मातीही आत जाते. अशा वेळी वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा.

मध

"मध तर दवाखान्यातही लावतात ना?" हा प्रश्न हमखास येतो, आणि तो बरोबर आहे. आपल्या सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांवर मधाची तुलना चांदीच्या नेहमीच्या मलमाशी केली. तो अभ्यास १९९१ मध्ये ब्रिटनच्या शस्त्रक्रियेच्या नियतकालिकात छापून आला आणि मध लावलेल्या जखमा लवकर भरल्याचं त्यात दिसलं. मधात पाणी जेमतेम पाचवा हिस्सा असतं, तो आंबट गुणाचा असतो आणि त्यातल्या एका एन्झाइममुळे थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहतं. जंतूंना हे तिन्ही सोसत नाही.

तरी आमची बाटली टाक्यांसाठी नाही. रुग्णालयातल्या ड्रेसिंगचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. आमचा मध पोळ्यातून काढून फक्त गाळलेला आहे. घरी उकळून घेऊ म्हणाल, तर ते एन्झाइम उष्णतेने जातं आणि जंतूंची बीजं तशीच राहतात.

घरात बाळंतीण आहे म्हणजे तान्हं बाळही आहे, म्हणून विषय निघालाच आहे तर सांगून ठेवतो: एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मधाचं बोटसुद्धा चाटवू नका, गुटीतही घालू नका. मधातल्या बीजांमुळे बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. त्यात बाळ लुळं पडतं.

कोरफड, लिंबू, तेल

कोरफडीने भाजलेल्या चट्ट्याला गार वाटतं, पण ऑपरेशनची जखम वेगळी. १९९१ च्याच एका अभ्यासात, ऑपरेशननंतर उघड्या राहिलेल्या पोटाच्या जखमा नेहमीच्या ड्रेसिंगने सरासरी ५३ दिवसांत भरल्या, तर कोरफडीचा जेल लावल्यावर ८३ दिवस लागले. अभ्यास छोटा होता, पण आम्हाला सावध करायला पुरेसा आहे. घरच्या पानातला पिवळा चीक तर चांगलाच झोंबतो.

लिंबू वणावर चोळून उन्हात गेलात तर त्वचा भाजल्यासारखी होऊन आणखी काळी पडते. व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल फोडून लावणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना खाज आणि पुरळ येतं, वण मात्र आहे तसाच राहतो.

तेलाचं एक वेगळं कारण आहे. हल्ली बऱ्याच ठिकाणी टाक्यांऐवजी किंवा टाक्यांवरून वैद्यकीय गोंद लावतात. तेल किंवा मलम लागलं की हा गोंद सुटतो. तो ५ ते १० दिवसांत आपोआप निघतो, तोवर बोटही लावू नका.

जखम आतून कशी भरते

वरची कातडी साधारण ४८ तासांत सांधली जाते, म्हणून आपल्याला वाटतं झालं. आतलं काम तेव्हा नुकतंच सुरू झालेलं असतं. पहिल्या आठवड्याच्या शेवटी त्या जागेची ताकद मूळ त्वचेच्या जेमतेम ३ टक्के असते, तिसऱ्या आठवड्यात ३० टक्क्यांच्या आसपास आणि तीन महिन्यांनी ८० टक्क्यांपर्यंत. त्याच्या वर ती कधीच जात नाही. टाके निघाले म्हणून लगेच पाण्याची कळशी उचलू नका, असं डॉक्टर सांगतात ते यासाठीच. वणाचा रंग आणि जाडी बदलायला वर्ष, कधी त्याहूनही जास्त लागतं.

आमच्या वस्तू खरं तर इथे हव्यात : ताटात

"डाळ-भात देऊ नका, टाका पिकेल." "अंडं नको, वांगं नको, आंबट नको." असं सांगून बाळंतिणीला किंवा आजाऱ्याला नुसत्या भाकरी आणि मऊ भाजीवर ठेवलेली घरं आम्ही पाहिली आहेत. प्रेमापोटीच करतात, पण जखम पिकते ती जंतूंमुळे, डाळीमुळे नाही. उलट नवी कातडी विणायला प्रथिनंच लागतात. मोठी जखम भरत असताना ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला ७५ ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर डाळीत, पेलाभर दुधात किंवा मूठभर शेंगदाण्यांत ६ ते ८ ग्रॅम. हिशेब केलात तर लक्षात येईल की पथ्यातली माणसं निम्म्यावरही पोचत नाहीत. मोड आलेली मटकी, पिठलं, मासे, अंडं, जे घरात चालतं ते दोन्ही वेळा ताटात असू द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

सोबत आवळा किंवा पेरू. कातडीचा धागा, म्हणजे कोलॅजन, पक्का व्हायला क जीवनसत्त्व लागतं आणि एका मध्यम पेरूत दिवसभराची गरज भागते. हळद दुधात, भाजीत नेहमीसारखी घाला. आळिवाची खीर, डिंकाचा लाडू आवडीने खा. मधुमेह असेल तर लाडू आणि मध दोन्ही बाजूला ठेवा, कारण साखर वाढलेली असली की जखम रेंगाळते.

आणि मिश्री. हे लिहिताना संकोच वाटतो, कारण आमच्या कितीतरी मावश्या, काकू ती लावतात. पण मिश्री म्हणजे तंबाखूच. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि जखमेला रक्त कमी पोचतं. बिडी, सिगारेट, गुटखा यांचंही तेच. ऑपरेशनची तारीख आधी ठरली असेल तर चार आठवडे आधीपासून बंद करा.

वणासाठी : आता तेल चालेल

टाके निघून दोन-तीन आठवडे झाले, कुठेही ओल नाही, खपली आपोआप पडली आहे आणि डॉक्टरांनी हो म्हटलं आहे, तेव्हा खोबरेल काढा. दोन थेंब पुरतात. बोटाच्या पेराने वणावर गोल, उभं, आडवं दाबत ५ ते १० मिनिटं, दिवसातून दोनदा. बोटाखालची कातडी हलली पाहिजे, नुसतं बोट घसरून उपयोग नाही. काम करतो तो दाब, तेल फक्त घर्षण कमी करतं आणि खाजेला आराम देतं. आमचंच तेल हवं असं नाही, घरात जे असेल ते चालेल.

तेलापेक्षा जास्त भरवशाची वस्तू औषधाच्या दुकानात मिळते: सिलिकॉनची पट्टी. दिवसातले १२ तास किंवा जास्त, निदान दोन-तीन महिने लावायची. ती धुऊन पुन्हा वापरता येते. खर्च परवडत नसेल तर साधी कागदी चिकटपट्टी वणावर लांबीच्या दिशेने काही आठवडे लावून ठेवा, वणावरचा ताण कमी होतो. उघड्या जागेचा वण वर्षभर उन्हापासून झाका, पदराने, ओढणीने किंवा सनस्क्रीनने.

वण मूळ रेषेच्या बाहेर पसरत, फुगत चालला तर तो केलॉइड असू शकतो. छातीवर, खांद्यावर आणि कानाच्या पाळीवर तो जास्त दिसतो. त्यावर कुठलाही लेप चालत नाही, त्वचारोगतज्ज्ञ त्यात इंजेक्शन देतात.

थांबू नका

लाली पसरते आहे, जागा गरम लागते, पू किंवा घाण वास येतो, तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढतं, ताप १००.४ फॅरेनहाइटच्या वर गेला, टाका उसवला: यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ऑपरेशननंतर महिनाभर हे लक्ष ठेवायचं आहे. आम्हाला जखमेचा फोटो पाठवून "काय लावू?" विचारू नका. आम्ही दुकानदार आहोत, आणि तेवढ्या वेळात दवाखान्यात पोचता येतं.

बाळंतिणीला शेक-शेगडी देणार असाल तर पोटाच्या टाक्यांपासून निखारा दूर ठेवा, घामाने जखम ओली राहते.

या पत्रकाची मागची बाजू मुद्दाम कोरी ठेवली आहे. ऑपरेशनची तारीख, टाके काढायचा दिवस, टाके आहेत की गोंद, आणि दवाखान्याचा फोन नंबर तिथे लिहा आणि घरातल्या सगळ्यांना दिसेल असं टांगून ठेवा.