रांजणवाडी सारखी त्याच जागी येतेय? मग हे वाचाच

पापणीलाही घाम येतो हे आपल्या कधी डोक्यातच येत नाही. पण पापणीच्या काठाला, केसांच्या मुळाशी, घामाच्या खास ग्रंथी असतात, याकोब मॉल या डच डॉक्टरांच्या नावावरून त्यांना मॉलच्या ग्रंथी म्हणतात, शिवाय पापणीच्या कातडीत साध्या घामग्रंथी असतातच. या ग्रंथींचाही कॅन्सर होतो. फारच क्वचित होतो, आपल्याकडे पापणीत त्याहून कितीतरी जास्त दिसतो तो तेलाच्या ग्रंथींचा.

अडचण अशी की घामग्रंथींचा हा कॅन्सर सुरुवातीला हुबेहूब रांजणवाडीसारखा किंवा पाण्याच्या फोडासारखा दिसतो. दुखत नाही, वाढतो हळूहळू, कधी कधी वर्षानुवर्षं, मग साठीतली आजी तळहातावर बोट घासून शेक देत बसते आणि घरचेही म्हणतात जाईल आपोआप. डॉक्टर चिरा देऊन काढतात, काही महिन्यांनी गाठ परत तिथेच. म्हणून मला कळकळीने सांगायचंय, काढलेला तुकडा फेकू देऊ नका, पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा.

यातला एक प्रकार म्हणजे म्युसिनस कार्सिनोमा. मायक्रोस्कोपखाली बुळबुळीत द्रवाच्या तळ्यात पेशींची छोटी छोटी बेटं तरंगताना दिसतात. त्याचाच एक भाऊबंद १९९७ मध्ये पहिल्यांदा नोंदवला गेला, तो जास्त करून वयस्कर बायकांच्या खालच्या पापणीवर येतो. आणि इथे खरी गंमत आहे, स्तन म्हणजे मुळात बदललेली घामग्रंथीच, त्यामुळे पापणीतल्या या पेशी स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींसारख्याच दिसतात, तुकड्यातल्या पेशींवर इस्ट्रोजेन या हार्मोनचे रिसेप्टर आहेत का ही टेस्टसुद्धा बऱ्याचदा पॉझिटिव्ह येते! मग गाठ पापणीतच सुरू झाली की दुसरीकडून पसरत तिथे आली हे नुसत्या तुकड्यावरून ठरवणं अवघड जातं. म्हणून डॉक्टर मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे आणि छाती-पोटाचं स्कॅन करायला सांगतात. डोळ्याच्या गाठीसाठी छातीची तपासणी कशाला असं म्हणून ती टाळू नका प्लीज.

मुख्य उपचार ऑपरेशनच. मोहस पद्धतीत थोडं थोडं कापून प्रत्येक थराच्या कडा लगेच मायक्रोस्कोपखाली बघतात, कडा साफ दिसेपर्यंत, त्यामुळे चांगली पापणी जास्तीत जास्त वाचते. उरलेली जागा मोठी असेल तर शेजारची कातडी सरकवून पापणी पुन्हा बांधतात. नंतर मात्र बरीच वर्षं चेकअपला जावं लागतं, कारण ही गाठ त्याच जागी परत येऊ शकते.