माहीत असलेले विष

शिशाच्या नळातून आलेले पाणी आरोग्याला बाधते आणि शिशाचे काम करणाऱ्या कारागिरांचा वर्ण फिका पडतो, असे रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हियस याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहून ठेवले होते. त्यामुळे विसाव्या शतकात पेट्रोलमध्ये शिसे मिसळले गेले, ते अज्ञानापोटी, असे म्हणण्याची सोय नाही. आधुनिक संस्कृतीच्या शहाणपणावरचा माझा विश्वास उडतो तो नेमका इथे.

जनरल मोटर्समधील संशोधक थॉमस मिजली यांना १९२१ मध्ये आढळले, की टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अत्यल्प प्रमाणात मिसळले, तरी इंधन अवेळी पेटल्याने होणारी इंजिनाची ठकठक थांबते. अल्कोहोलनेही ती थांबत असे. पण अल्कोहोल कोणालाही गाळता येते, त्यावर मक्तेदारी मिळवता येत नाही. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका तेलशुद्धीकरण कारखान्यात हे संयुग हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. त्यानंतर मिजली यांनी पत्रकारांसमोर तेच द्रव्य हातावर घेऊन, हुंगून दाखवले. वर्षभरापूर्वी त्यांना स्वतःला शिशाची विषबाधा झाली होती.

शिसे शरीरात कॅल्शियमची जागा बळकावते, म्हणून ते हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते आणि चेतापेशींमधील संदेशवहन बिघडवते. ज्यांचा मेंदू अजून घडत असतो, त्या बालकांची झालेली हानी पुढे भरून निघत नाही.

उल्केतील शिशाच्या मोजमापावरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरवणारे क्लेअर पॅटरसन यांना प्रयोगशाळेतील हवेत, धुळीत, भांड्यांवर, सर्वत्र शिसे सापडत राहिले. ते कुठून आले, याचा माग त्यांनी ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांपर्यंत काढला आणि १९६५ मध्ये जाहीरपणे इशारा दिला. उद्योगांचा पवित्रा मात्र कायम होता: अपाय सिद्ध करा, तोवर विक्री चालूच राहील. म्हणजे पुरावा द्यायचा तो विष पोटात गेलेल्यांनी.

पुढे १९७५ च्या सुमारास अमेरिकी मोटारींना धुरातील विषारी वायू कमी करणारे उत्प्रेरक परिवर्तक (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) बसू लागले आणि शिशामुळे त्यांतील प्लॅटिनम निकामी होत असल्याने शिसेविरहित पेट्रोल विकणे भाग पडले. मुलांच्या मेंदूसाठी जे अर्धशतक झाले नाही, ते यंत्राच्या एका भागासाठी झाले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले, तर अल्जीरियात, म्हणजे जगात सर्वात शेवटी, २०२१ मध्ये. हाडांत आणि रस्त्याकडेच्या मातीत उतरलेले शिसे मात्र नष्ट होत नाही.