बजी आणि लव्हबर्ड: एका नावाखाली विकले जाणारे दोन पक्षी

दिवाळीच्या आधी सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या भाचीचा फोन आला. “मामा, पोरीला लव्हबर्ड घ्यायचेत. किती वर्षं जगतात?” मी विचारलं, “आधी सांग, तू बघितलेत त्यांची शेपूट लांब आहे का आखूड?” तिला वाटलं, मी विषय टाळतोय. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर खरोखरच शेपटीवर अवलंबून होतं.

सांगली-मिरजेत पक्ष्यांच्या दुकानात जाऊन ‘लव्हबर्ड’ मागितले की बहुतेक वेळा समोर येतो तो बजरीगर, म्हणजेच बजी. हिरवा, पिवळा, निळा, पांढरा. डोक्यावर आणि पाठीवर काळ्या बारीक लाटा. शेपूट लांब आणि निमुळती. अंग बारीक, वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम. हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, गवताळ प्रदेशातला. पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये तो जिवंत इंग्लंडला नेला, आणि पुढे तो जगभरच्या घरांत पोचला. रानातले बजी हिरवे-पिवळे असतात. निळे, पांढरे, राखाडी रंग माणसानं पैदास करून वाढवले.

खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा. त्याच्या नऊ जाती आहेत, त्यांतली एक मादागास्कर बेटावरची. आपल्याकडे दुकानात त्याला ‘आफ्रिकन लव्हबर्ड’ म्हणतात. शेपूट आखूड आणि बोथट, मान जाड, डोकं मोठं, आणि चोच अंगाच्या मानानं दणकट. फिशर जातीच्या डोळ्याभोवती पांढरं कडं असतं. गुलाबी तोंडाच्या जातीला ते नसतं. ‘अ‍ॅगापॉर्निस’ हे त्याचं शास्त्रीय नाव ग्रीक भाषेतल्या प्रेम आणि पक्षी या दोन शब्दांचं. जोडी अंगाला अंग लावून बसते, म्हणून ते पडलं. बजीही एकमेकांची पिसं चोचीनं विंचरत बसतात, त्यामुळे आपल्याकडे तेच नाव त्यांना चिकटलं असावं.

हा नावाचा घोळ मला फार महागात पडला आहे, म्हणून इतकं सांगतोय. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे चार बजी होते. एका दुकानातून एक फिशर आणला. “सगळे लव्हबर्डच की, एकत्र ठेवा,” असं मला सांगितलं गेलं आणि मी ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका निळ्या बजीच्या पायाचं बोट तुटलेलं होतं. लव्हबर्ड आपल्या जागेसाठी भांडतो, आणि भांडताना समोरच्याचे पाय धरतो. बजीची चोच त्याच्यापुढे काहीच नाही. तो बजी जगला, पण पुढे कायम एका पायावर भार टाकून बसायचा. हे दोन पक्षी एका पिंजऱ्यात कधीही ठेवू नका, पिंजरा कितीही मोठा असला तरी.

चोचीचा हा फरक घरातल्या लहान मुलांसाठीही महत्त्वाचा आहे. घाबरलेला बजी चावला तर चिमटा बसतो, क्वचित कातडी सोलते. लव्हबर्ड चावला तर रक्त येतं, आणि पोर एकदा रडलं की पुन्हा पिंजऱ्याजवळ जात नाही. मग पक्षी गॅलरीच्या कोपऱ्यात एकटा पडतो. माणसाळलेला लव्हबर्ड जीव लावतो, खांद्यावर बसून गालाला गाल घासतो, हे मी अनुभवलंय. पण त्याला रोज वेळ द्यावा लागतो, आणि वयात आला की, विशेषतः मादी, काही दिवस पिंजऱ्यात हातसुद्धा घालू देत नाही. पहिल्यांदाच पक्षी पाळणाऱ्याला हे झेपणं अवघड.

आवाजाचंही तसंच. बजी दिवसभर बारीक किलबिल करतो, फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना त्रास होत नाही. लव्हबर्डचा आवाज तीक्ष्ण, भिंतीपलीकडे जाणारा. बोलण्याची हौस असेल तर बजीचा नर चांगला. पक नावाच्या एका बजीच्या नावावर १,७२८ शब्दांचा गिनीज विक्रम आहे. म्हणून तुमचाही बोलेलच असं नाही, पण लव्हबर्डकडून तेवढीही आशा धरू नये.

आता भाचीच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. नीट सांभाळला तर बजी पाच ते दहा वर्षं जगतो, लव्हबर्ड दहा ते पंधरा. चौथीतल्या मुलीसाठी लव्हबर्ड घेतला तर ती कॉलेज संपवून नोकरीसाठी पुण्याला जाईल तेव्हाही तो घरात असू शकतो, आणि त्याचं सगळं आईलाच करावं लागेल.

नर-मादी ओळखणं बजीत सोपं आहे. चोचीच्या वर नाकपुड्यांभोवती जी मऊ गादी असते, ती मोठ्या नराची निळी आणि मादीची तपकिरी किंवा फिकट असते. पूर्ण पांढऱ्या किंवा पूर्ण पिवळ्या नरात मात्र ती गुलाबी-जांभळीच राहते, तिथे फसगत होते. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक लव्हबर्डमध्ये नर आणि मादी सारखेच दिसतात. खात्रीसाठी पिसाची डीएनए चाचणी लागते. त्यामुळे ‘पक्की जोडी’ या शब्दावर फार विसंबू नका.

कायद्याची बाजूही दोघांची वेगळी आहे. बजी आणि गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड यांना ‘साइट्स’च्या, म्हणजे ज्या प्राण्या-पक्ष्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असतं त्यांच्या, यादीतून सूट आहे. फिशरसारख्या इतर लव्हबर्ड जाती त्या यादीत येतात, आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा पक्ष्यांची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकणाऱ्याकडे कागद मागा.

आणि एक तिसरा पक्षी, ज्याच्यासाठी मला मनापासून हात जोडून सांगावंसं वाटतं. आपला हिरवा राघू, गळ्यात गुलाबी-काळा कंठ असलेला, किंवा खांद्यावर लाल पट्टा असलेला मोठा पहाडी पोपट, हे पाळायचे पक्षी नाहीत. आजोबांच्या वाड्यात पिंजरा होता हे खरं, आमच्याही होता. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांना संरक्षण आहे आणि त्यांना पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. ही पिल्लं झाडाच्या ढोलीतून काढून आणलेली असतात. कुणी विकताना दिसलं तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

भाचीला मी शेवटी दोन नर बजी घ्यायला सांगितलं. नर-मादी घेऊ नको म्हटलं, कारण आपल्याकडे पिंजऱ्याबरोबर घरट्यासाठी मडकंही देतात. मडकं टांगलं की मादी अंडी घालू लागते, एका वेळी चार-सहा, आणि मडकं काढलं नाही तर पुन्हा पुन्हा. तिच्या अंगातला कॅल्शियम संपतो, कधी अंडं अडकून ती मरते. पिल्लं वाढवायचा अनुभव नसेल तर मडकं नकोच. एकटा बजी ठेवायचा तर दिवसभर त्याच्याशी बोलणारं कुणीतरी घरात हवं, आणि भाची व जावई दोघंही नोकरीला जातात.

पिंजरा उंच नको, आडवा लांब हवा, कारण बजी आडवा उडतो. गजांतलं अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नको, नाहीतर डोकं अडकतं. खाण्यात राळे, ज्याला दुकानदार कांग म्हणतात, थोडी बाजरी, आणि रोज धुतलेली कोथिंबीर, मेथी किंवा शेवग्याचा पाला. नुसत्या दाण्यावर पक्षी लठ्ठ होतो आणि यकृत बिघडतं. तासगावची द्राक्षं घरात असतातच, पण बागेत औषधाच्या फवारण्या होतात, तेव्हा भरपूर धुऊन एखाद्याच मण्याचा तुकडा द्या. चहा, चॉकलेट, अ‍ॅव्होकॅडो अजिबात नाही. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात नको. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा पश्चिमेच्या गॅलरीतून पिंजरा आत घ्या आणि अंघोळीला पसरट भांड्यात पाणी ठेवा. कृष्णेकाठच्या वस्तीत राहणाऱ्यांनी हातात नेता येईल असा एक छोटा पिंजराही घरात ठेवावा. २०१९ च्या महापुरात माझ्या भावाच्या घरून आम्ही मोठा पिंजरा दोघांनी धरून गच्चीवर नेला, तेव्हा ती गरज कळली.

भाचीबरोबर दुकानात मीही गेलो. कपाळावरच्या काळ्या लाटा थेट चोचीपर्यंत आलेल्या असतील तर पिल्लू लहान, तीन-चार महिन्यांच्या आतलं. ते लवकर माणसाळतं. पिसं फुगवून, डोळे मिटून खाली बसलेला पक्षी आजारी असतो. चोचीवर पांढरट खरखरीत थर दिसला तर ती खरूज असते, पशुवैद्याच्या औषधानं बरी होते, पण तो आणला तर दुसऱ्यालाही होईल. आम्ही अर्धा तास नुसते उभे राहून बघत होतो. एक हिरवा आणि एक निळा, दोघांच्या लाटा चोचीपर्यंत, सारखे एकमेकांच्या मागे दांडीवर सरकत होते. पोरीनं त्यांच्याकडे बोट दाखवलं. दुकानदार म्हणाला, “लव्हबर्ड चांगले निवडलेत.” “बजी आहेत ते, काका,” ती म्हणाली.