लॅपेल मायक्रोफोन : चित्रीकरणस्थळावरील निवड आणि जोडणी

नटाच्या कपड्यांत, केसांत किंवा टोपीत दडवून चित्रीकरणाच्या जागीच संवाद टिपणारा अतिलहान मायक्रोफोन. सेटवर त्याला लॅपेल किंवा कॉलर माईक म्हणतात. त्याची वायर नटाच्या कमरेला, पाठीला किंवा घोट्याला बांधलेल्या वायरलेस ट्रान्समीटरपर्यंत जाते. संवादासाठी लांब दांडीला लावून डोक्यावरून धरलेला बूम माईक अजूनही पहिली पसंती आहे. पण एकाच वेळी एक कॅमेरा दूरचे आणि दुसरा जवळचे दृश्य घेत असेल, तर बूम फ्रेमबाहेर ठेवावा लागतो आणि सगळा संवाद या दाण्याएवढ्या वस्तूवर येऊन पडतो.

पूर्वी गळ्यात दोरीने अडकवायचे डायनॅमिक माईक वापरत. ते लपवणे अवघड होते. आकार खऱ्या अर्थाने लहान झाला तो इलेक्ट्रेटमुळे. बेल लॅबोरेटरीजमधील गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ मध्ये प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यात विद्युतभार कायमचा साठवून ठेवणारा मायक्रोफोन तयार केला. पडद्याला बाहेरून उच्च व्होल्टेज देण्याची गरज संपली. कॅप्सूललगतच्या (कॅप्सूल म्हणजे माईकचा आवाज टिपणारा भाग) फेट या संकेत सावरणाऱ्या ट्रान्झिस्टरला लागणारी थोडी वीज, म्हणजे बायस, एवढीच ट्रान्समीटरकडून घ्यायची राहिली.

जवळजवळ सगळे लॅपेल माईक सर्वदिशी, म्हणजे सगळीकडचा आवाज सारखा टिपणारे, असतात आणि तेच योग्य आहे. दिशादर्शी, म्हणजे मुख्यतः एकाच दिशेचा आवाज टिपणाऱ्या, कॅप्सूलला मागची छिद्रे उघडी लागतात. कापडाखाली ती झाकली गेली की दिशादर्शीपणा संपतो. वाऱ्याचा आणि घासण्याचा आवाज मात्र जास्त येतो. व्यासाचा विचार लपवण्यापुरता करावा. कंट्रीमन बी६ सुमारे २.५ मिमी, सँकेन सीओएस-११डी ४ मिमी, तर सोनी ईसीएम-७७ सुमारे ५.६ मिमी जाडीचा आहे. कॅप्सूल लहान होत जाते तसा तिचा स्वतःचा खरखराट साधारणपणे वाढतो, म्हणून जागा असताना सर्वांत बारीक माईक घेण्यात काही लाभ नाही.

संवेदनशीलतेकडे, म्हणजे ठरावीक ध्वनिदाबाला माईक किती व्होल्टेज देतो याकडे, नवखे लोक सहसा बघत नाहीत, आणि निवड फसते ती बहुधा तिथेच. डीपीए ४०६० ची संवेदनशीलता दर पास्कलला २० मिलिव्होल्ट आहे, त्याच घडणीच्या ४०६१ ची ६ मिलिव्होल्ट. म्हणजे सुमारे १० डेसिबलचा फरक. कुजबुजीच्या दृश्याला पहिला बरा. भांडणाच्या दृश्यात नट ओरडला की तोच ट्रान्समीटरचा इनपुट भरून टाकतो, आणि एकदा फाटलेला आवाज नंतर सांधता येत नाही. दुसऱ्याचा खरखराट थोडा जास्त असला तरी ओरड्यात तो ऐकूच येत नाही. पटकथा वाचून नट कुठे आवाज चढवणार हे पाहावे आणि माईक त्यावरून ठरवावा.

छातीवर लावलेल्या माईकला हनुवटीच्या आडून आवाज मिळतो. त्यामुळे २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे व्यंजनांची स्पष्टता जिथे असते तिथेच, पातळी घटते आणि ८०० हर्ट्झच्या आसपास फुगवटा येतो. केसांच्या कडेला लावलेला माईक त्या मानाने नैसर्गिक ऐकू येतो. कापडांत सुती कापड सर्वांत समंजस; कडक रेशीम आणि कृत्रिम धागे कुरकुरतात. म्हणून वेशभूषाकाराशी आधीच बोलून घेणे हा ध्वनिमुद्रकाच्या कामाचाच भाग आहे. बसवण्याची जुनी आणि खात्रीची रीत अशी : चिकटपट्टीची दोन त्रिकोणी घडी चिकट बाजू बाहेर ठेवून करायची आणि माईक त्यांच्या मध्ये दाबायचा. आतले आणि बाहेरचे दोन्ही कापड माईकला चिकटते, त्यामुळे घासायला काही उरत नाही. माईकच्या खाली वायरचा छोटा फास करून तोही चिकटवायचा, म्हणजे वायरला बसलेला हिसका कॅप्सूलपर्यंत पोचत नाही.

जोडणी दोन प्रकारची असते. दोन तारांच्या जोडणीत बायस आणि ध्वनिसंकेत एकाच तारेतून जातात, शील्ड, म्हणजे तारेभोवतीचे धातूचे आवरण, ही दुसरी तार. तीन तारांच्या जोडणीत बायस वेगळ्या तारेने येतो. काही माईक दोन्ही प्रकारे जोडता येतात, मात्र दोन्हींत ध्रुवता, म्हणजे संकेताची सुलट-उलट दिशा, एकच राहते असे धरून चालू नये. फेटच्या ड्रेन या टोकावरून घेतलेला संकेत उलटा असतो, सोर्स या टोकावरून घेतलेला सरळ. दृश्यातल्या दोन माईकांची जोडणी वेगळी असेल आणि ते एकत्र मिसळले, तर आवाजातला खर्ज निघून जातो आणि दोष विनाकारण माईकच्या माथी बसतो. दोन्ही कॅप्सूल शेजारी धरून एक टाळी वाजवावी आणि तरंगरूपाचे पहिले टोक दोन्हीकडे एकाच दिशेला जाते का ते पाहावे.

प्लगच्या आकारावरही विसंबू नये. सेनहायझरचा आणि सोनीचा फिरकीचा ३.५ मिमी प्लग दिसायला सारखे, पण आतली जोडणी निराळी. लेक्ट्रोसॉनिक्सच्या ट्रान्समीटरला पाच पिनांचा, शूरच्या ट्रान्समीटरला चार पिनांचा छोटा प्लग लागतो. तारांचे रंगही प्रत्येक कंपनीचे वेगळे, म्हणून त्या मॉडेलचा तक्ता समोर ठेवूनच सोल्डरिंग करावे. या माईकांना ४८ व्होल्टचे फँटम, म्हणजे मिक्सरकडून माईकच्या केबलमधूनच येणारी वीज, थेट देऊ नये. मध्ये त्यासाठीचा अडॅप्टर हवाच.

सोल्डरिंगमध्ये सगळ्यांत आधी प्लगचे झाकण वायरमध्ये ओवून घ्यावे, कारण टाके घातल्यावर ते ओवता येत नाही. वायरच्या आत ताकदीसाठी धागे भरलेले असतात. ते टाक्यात गेले तर सांधा कच्चा राहतो, तेव्हा कापून बाजूला काढावेत. इन्सुलेशन पटकन वितळते, म्हणून टोक आधी कथलाने माखून घ्यावे आणि पिनेवर क्षणभरच टेकवावे. वायरचा ताण प्लगच्या पकडीवर यावा, टाक्यावर नाही. काम झाले की ट्रान्समीटर चालू करून हेडफोन लावावा आणि प्लगजवळ वायर चारही बाजूंना वाकवावी. करकर आली तर सांधा उघडून नव्याने करावा. अँटेना हलवल्यावर घरघर आली, तर शील्ड प्लगच्या धातूच्या कवचाला नीट जोडली आहे का ते आधी पाहावे.