दुभंगलेला ओठ व टाळू : आनुवंशिक आणि पर्यावरणीय कारणे

वरचा ओठ, टाळू किंवा दोन्ही जन्मतःच पूर्ण न सांधलेले असणे, असा हा दोष आहे. जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळात तो आढळतो. ‘फाटलेला ओठ’ हा रूढ शब्द जरा फसवा आहे. इथे काही फाटत नाही. जे जुळायचे ते जुळतच नाही. त्यामुळे कारणांचा शोध गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच घ्यावा लागतो.

गर्भाचा चेहरा सुट्या उंचवट्यांपासून घडतो. नाकाखालचा मधला उंचवटा आणि दोन्ही गालांकडून येणारे उंचवटे सहाव्या-सातव्या आठवड्यात एकत्र येऊन वरचा ओठ तयार होतो. नाकाखालून ओठाकडे उतरणाऱ्या दोन बारीक कडांवरून बोट फिरवले की या सांध्यांची जागा साधारण कळते. ओठातली फट म्हणूनच सहसा मधोमध नसून बाजूला असते, आणि उजवीपेक्षा डावीकडे जास्त वेळा. टाळूचे दोन पडदे सुरुवातीला जिभेच्या दोन्ही अंगांना उभे लोंबत असतात. जबडा वाढून जीभ खाली सरकली की ते वर उचलले जातात, आडवे होतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत एकमेकांना चिकटतात. जबडा खुजा राहिला तर जीभच वाटेत आडवी येते. पिएर रोबिन विकृतीत दिसणारी यू-आकाराची रुंद फट अशीच पडते. मुलींमध्ये हे पडदे सुमारे आठवडाभर उशिरा आडवे होतात. फक्त टाळू दुभंगण्याचे प्रमाण मुलींत अधिक असण्यामागे हे कारण सांगितले जाते. ओठाचा दोष मात्र मुलग्यांत जास्त.

ओठाचा दोष (टाळूसह किंवा टाळूविना) आणि केवळ टाळूचा दोष हे आनुवंशिकदृष्ट्या दोन वेगळे गट आहेत, हे डॅनिश शल्यचिकित्सक पाउल फॉग-अँडरसन यांनी १९४२ मध्ये अनेक घराण्यांच्या नोंदींवरून दाखवले. जुळ्यांवरून आनुवंशिकतेचा वाटा आणखी स्पष्ट होतो. एकबीज जुळ्यांपैकी एकाला ओठाचा दोष असेल तर दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण ४० ते ६० टक्के असते, भिन्नबीज जुळ्यांत ते पाच टक्क्यांच्या आसपास. सगळा कारभार जनुकांचाच असता, तर पहिला आकडा शंभराजवळ गेला असता. बहुतेक बाळांत अनेक जनुकांचा थोडाथोडा परिणाम आणि बाहेरचे घटक यांची बेरीज एक मर्यादा ओलांडते, आणि मगच फट राहते.

बाहेरच्या घटकांत आईचे धूम्रपान, गर्भधारणेआधीपासूनचा मधुमेह, लठ्ठपणा, तसेच फेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट व टोपिरामेट ही अपस्मारावरची औषधे यांचा संबंध आढळला आहे. मुरुमांवर दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन तर चेहऱ्यासह इतर अवयवांच्या घडणीतही गंभीर दोष निर्माण करू शकते. अडचण वेळेची आहे: ओठ सांधला जातो त्या दिवसांत अनेक स्त्रियांना दिवस गेल्याचा अंदाजही नसतो. अपस्माराचे औषध परस्पर बंद करणे हा मात्र त्यावरचा उपाय नव्हे. झटके आईला आणि गर्भालाही धोक्याचे असतात, म्हणून औषधातला बदल डॉक्टरांच्या सल्ल्याने, शक्यतो गर्भधारणेआधीच करावा लागतो. फॉलिक आम्लाने मज्जारज्जूचे जन्मदोष घटतात हे पक्के सिद्ध झाले आहे. ओठ-टाळूबाबतचा पुरावा तेवढा ठाम नाही.

एका बाळात दोष असेल आणि आईवडिलांना नसेल, तर पुढच्या बाळाला धोका साधारण तीन ते पाच टक्के धरतात. पण हा आकडा सांगण्याआधी जाणता डॉक्टर आईवडिलांचा खालचा ओठ निरखून पाहतो. तिथे बारीक खळगे असतील तर व्हॅन डर वूड लक्षणसमूहाची, म्हणजे ओठ-टाळूच्या फटीबरोबर खालच्या ओठावर खळगे असणाऱ्या आनुवंशिक विकाराची शंका येते. त्यामागे बहुधा आयआरएफ६ या जनुकातला बदल असतो. हा दुवा २००२ मध्ये उघड झाला. एकाच पालकाकडून आलेला असा बदलही पुरेसा ठरतो आणि प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. ज्याच्याकडून तो आला, त्या पालकाला स्वतःच्या ओठावरचे ते खळगे कित्येकदा जाणवलेलेही नसतात.